चिकटपट्टीवरचा ‘भू’

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहणाऱ्या एका भगिनीचं हे पत्र आहे. वय 61, बँकेतून निवृत्त. यजमानांना जाऊन दोन वर्षं झाली. ते गाण्याचे वेडे, देवल क्लबातली बैठक सहसा चुकवायचे नाहीत. त्यांच्यामागे घरात एक रेकॉर्ड प्लेअर, 1980 च्या दशकातला ॲम्प्लिफायर, लाकडी पेटीतले दोन मोठे स्पीकर आणि दीडशेच्या आसपास एलपी आहेत. दिवाळीआधी घर रंगवलं तेव्हा सेट माजघरातून पुढच्या खोलीत आणला. पुण्याहून आलेल्या मुलाने तो जोडून दिला. आईला कीर्तन नीट ऐकू यावं म्हणून टीव्हीची वायरही त्याच ॲम्प्लिफायरला लावली. जागा कमी पडली म्हणून प्लेअर ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवला.

तेव्हापासून रेकॉर्ड लावली की मागे सतत घोंऽऽ चालू असतं, टीव्ही बंद असला तरी. आवाजाचं बटण फिरवताना खरखर होते. संध्याकाळी दिवे-पंखे लागले की बारीक चिरचिर येते. दुकानदार म्हणाले, सेट म्हातारा झाला, नवीन घ्या. वायरमन म्हणाला, “वहिनी, प्लगची वरची पिन काढून टाकतो, आवाज कुठल्या कुठं जाईल बघा.” मुलगा म्हणतो, सगळं विकून टाक, मी ब्लूटूथ स्पीकर पाठवतो.

“मला यातलं काहीच कळत नाही. वायरी तेच लावायचे, मी कधी हात लावला नाही. प्लेअरच्या मागे एक बारीक तार नुसतीच लोंबतेय. मुलगा म्हणतो, ती कशाचीच नाही. तिच्यावर चिकटपट्टी आहे, त्यांच्या अक्षरात काहीतरी लिहिलंय. ‘भू’ एवढंच लागतं, पुढचं पुसलं असावं. सेट विकू, नवा घेऊ, की आहे तसा झाकून ठेवू?”

*

ताई,

“मला यातलं काहीच कळत नाही” हे वाक्य आधी बाजूला ठेवू या. मी सत्तावीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. त्या काळात ओळखीतले कितीतरी लोक बिघडलेला सेट काखोटीला मारून घरी यायचे आणि “आवाज येतोय” एवढंच सांगायचे. कधीपासून, कशावर, कोणत्या वेळी, हे एकेक विचारून काढावं लागायचं. तुम्ही ते सगळं न विचारता लिहिलंय. अर्धं निदान तुमच्या पत्रातच झालेलं आहे.

मात्र तुम्ही, दुकानदार, वायरमन आणि चिरंजीव, चौघांनीही एक गोष्ट धरून ठेवली आहे: आवाज एकच आहे, तेव्हा औषधही एकच असणार. माझ्या मते तुमच्याकडे तीन वेगळे आवाज आहेत, आणि त्यांची उगमस्थानंही तीन आहेत. घोंऽऽ चं मूळ वेगळं, खरखरीचं वेगळं, चिरचिरीचं आणखी वेगळं. तिघांची एकत्र मोट बांधली की सेट अगदी मरणपंथाला लागल्यासारखा वाटतो. सुटे करून पाहिले तर त्यातला एकही नवा ॲम्प्लिफायर मागत नाही.

घोंऽऽ पासून सुरुवात करते, कारण तुम्हाला छळणारा खरा तोच.

आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची आणि 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनं घेणारी. ही वीज गाण्याच्या वायरीत कुठूनही झिरपली की तिचा आवाज होतो: 50 हर्ट्झचा, आणि त्यासोबत त्याच्या पटीतले 100, 150 वगैरे. हा आवाज फार मोठा नसतो, तरी गाणं ऐकणाऱ्याला तो सोसवत नाही, आणि त्याचं कारण सुरातच आहे. गायकाचा सा काळी एकला असेल तर तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झला बोलते. त्या सा च्या हिशेबाने 100 हर्ट्झ येतो तीव्र मध्यमाच्या जरासा वर आणि पंचमाच्या बराच खाली. तुमच्याकडे मल्लिकार्जुन मन्सूरांची एखादी एलपी असणारच. त्यांच्या आलापीमागे कुठल्याच सुरावर न बसणारा आणखी एक तंबोरा कोणीतरी छेडत बसावं, तसं ते होतं. अल्लादियाखाँसाहेबांच्या गावातला कान आहे तुमचा, त्याला हे खुपणारच.

आता हा आवाज रेकॉर्डवरच का? सुईखालची ती इवलीशी डबी, कार्ट्रिज, खोबणीतून जी वीज काढते ती व्होल्टच्या काही हजाराव्या भागाएवढीच असते. टीव्हीकडून येणारा सिग्नल त्याच्या शंभरपटीहून मोठा. त्यामुळे रेकॉर्डचा सिग्नल ॲम्प्लिफायरला आधी खूप फुगवून घ्यावा लागतो. त्यात आणखी एक भर आहे. रेकॉर्ड कापताना खर्जाचा आवाज मुद्दाम दाबलेला असतो, नाहीतर खोबणी फार रुंद होईल आणि एका बाजूवर गाणं मावणार नाही. वाजवताना तो पुन्हा वर काढतात, आणि त्या उचलीत 1000 हर्ट्झच्या मानाने 50 हर्ट्झचा आवाज सुमारे सातपट वाढतो. बाहेरून शिरलेल्या घरच्या विजेलाही तीच उचल फुकट मिळते. टीव्हीच्या वायरीवर जी गळती ऐकूही येत नाही, ती रेकॉर्डवर खोली भरून टाकते.

आणि म्हणून ती बारीक तार. ती कशाचीच नाही असं मुळीच नाही. प्लेअरचा दांडा, खालची पत्र्याची पाटी, मोटारीचं कवच, हे सगळं धातूचं. मोकळं राहिलं तर ते हवेतली विजेची कुरकुर गोळा करत बसतं. ती तार या धातूला ॲम्प्लिफायरच्या पत्र्याशी बांधते. इंग्रजी शाळेत शिकलेली मुलं तिला ग्राउंड म्हणतात, आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात तिचं नाव भूसंपर्क तार आहे. ताई, चिकटपट्टीवरचं पुढचं काही पुसलेलं नाही. तुमच्या यजमानांनी ‘भू’ एवढंच लिहिलं होतं, आणि तेवढंच लिहायचं होतं.

ती कशी लावायची ते सांगते. बोर्डावरचं बटण बंद करा आणि ॲम्प्लिफायरचा प्लग काढून ठेवा. ॲम्प्लिफायरच्या मागे जिथे प्लेअरच्या दोन वायरी खोचल्या आहेत, त्याच्या शेजारी एक सुटा स्क्रू किंवा फिरकी असेल. त्याच्याजवळ इंग्रजीत जीएनडी लिहिलेलं असतं, किंवा एक उभी रेघ आणि तिच्याखाली लहान होत जाणाऱ्या तीन आडव्या रेघा. तारेचं टोक काळं पडलं असेल तर पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. स्क्रू सैल करून तार त्याच्याभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने अर्धा वेढा द्या आणि घट्ट करा. एवढंच काम.

माझ्या राजारामपुरीच्या घरी हाच प्रकार झाला होता, म्हणून मी इतक्या खात्रीने बोलतेय. मी तेव्हा शिकलेसवरलेली बाई असून आधी महागाची वायर विकत आणली, काही फरक पडला नाही. मग एके रात्री सगळी निजल्यावर टॉर्च घेऊन प्लेअरमागे वाकले. तार जागेवर दिसत होती, पण टोकाचा पितळी चिमटा तुटून तांब्याच्या दोन केसांवर लटकत होता. बांबूच्या काडीने तो स्क्रूवर दाबला की खोली शांत, काडी उचलली की घोंऽऽ. मी चार-पाच वेळा तसंच करून पाहिलं, इतकं ते ऐकायला बरं वाटत होतं. तेव्हा तार नुसती दिसते यावर समाधान मानू नका, हलकेच ओढून बघा.

तार लावून झाली की तपासणी करा. आवाजाचं बटण अगदी खाली, निवडीचं बटण फोनोवर, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या खुणेवर, रेकॉर्ड न लावता. मग आवाज हळूहळू वाढवा. घोंऽऽ गेला असेल तर इथेच थांबा. कमी झाला पण उरला असेल, तर दुसरा संशयित टीव्ही.

तुम्ही लिहिलंय, टीव्ही बंद असला तरी आवाज येतो. साहजिकच आहे. बटणाने टीव्ही बंद होतो, वायर तुटत नाही. तुमच्या ॲम्प्लिफायरला तीन पिनांच्या प्लगमधून घरचं अर्थिंग मिळतं. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सला जी केबल येते, तिच्या बाहेरच्या जाळीचा संबंध गल्लीत कुठेतरी दुसऱ्याच जमिनीशी आलेला असतो. दोन विहिरींची पातळी थोडी वरखाली असावी आणि कोणी त्या नळीने जोडाव्यात, म्हणजे नळीतून पाणी सरकणारच. इथे नळी म्हणजे टीव्हीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत आलेली गाण्याची वायर. त्या फेऱ्याला अर्थ लूप म्हणतात. पारख सोपी आहे: आवाज पूर्ण कमी करा, सेट-टॉप बॉक्सच्या मागची गोल फिरकीची केबल सोडा, मग आवाज वाढवून ऐका. शांत झालं तर चोर सापडला.

मग उरते जागा. ॲम्प्लिफायरच्या पोटात जाडजूड ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र. प्लेअर बरोबर त्याच्या डोक्यावर ठेवलाय, म्हणजे कार्ट्रिज त्या क्षेत्रात बुडालेलं. हे ओळखायचं असेल तर प्लेअरची तबकडी न फिरवता, सुई खाली न टेकवता, सुईचा दांडा हाताने कडेपासून मधोमध हळूहळू न्या. नेताना घोंऽऽ वाढत किंवा कमी होत असेल तर जागाच दोषी. दोघांना शेजारी-शेजारी ठेवा, मध्ये हातभर अंतर राहू द्या. माजघरात यजमानांनी ते तसेच मांडलेले असणार, आठवून बघा. आणि मागच्या बाजूला विजेच्या वायरी आणि गाण्याच्या वायरी एकाच जुडग्यात बांधू नका. एकमेकींना छेदून जावंच लागलं तर काटकोनात जाऊ द्या.

एक पथ्य सगळ्यांसाठी: कुठलीही वायर काढण्याआधी आवाज शून्यावर आणा, आणि शक्यतो सेट बंदच करा. चालू सेटमधून वायर उपसली तर जो धडाका होतो त्याने स्पीकर जळू शकतो.

आता वायरमनचं बोलणं. ताई, हे एवढं एक माझं ऐकाच: ती पिन काढू देऊ नका. तो खोटं बोलत नाहीय. पिन काढली की फेरा तुटेल आणि घोंऽऽ कदाचित खरंच थांबेल, म्हणूनच हा उपाय इतका पसरलाय. पण ती वरची जाड पिन गाण्यासाठी दिलेलीच नाही. ॲम्प्लिफायरच्या आत कधी एखादी जुनी वायर सुटली आणि 230 व्होल्ट बाहेरच्या पत्र्याला लागले, तर त्या विजेने माणसातून न जाता जमिनीत जावं म्हणून ती आहे. पिन काढलेली असेल तर पत्रा नुसता भारलेला राहतो आणि पहिला हात लागायची वाट बघतो. आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने फरशी ओलसर असते आणि जुन्या घरांच्या भिंतींना पाणी येतं. अशा घरात हा खेळ नको. आवाज घालवायचे दहा मार्ग आहेत, त्यात हा येत नाही.

त्याला बोलवाच, पण दुसऱ्या कामासाठी. मंगळवार पेठेतली पुष्कळ घरं जुनी. बोर्डावर तीन भोकांचं सॉकेट असतं, पण वरच्या भोकामागे तारच नसते, किंवा असते ती कधीकाळी नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली, आणि आता तो पाइप पीव्हीसीचा झालेला. त्याला मीटर लावायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 च्या आसपास दिसायला हवेत, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच्या आत. फेज-अर्थ भलतंच कमी दाखवत असेल तर अर्थिंग नाही असं समजा, आणि गाण्याआधी ते करून घ्या. नुसता मीटर कधीकधी फसवतो, म्हणून फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्पही लावून बघायला सांगा. अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जा, माती कोरडी पडली की ती वीज नीट घेत नाही. 30 मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर तोही बसवून घ्या. सेट राहो न राहो, हे काम घरासाठी व्हायलाच हवं.

खरखरीचं थोडक्यात. बटण फिरवताना होते आणि फिरवणं थांबलं की थांबते, म्हणजे बटणाखालच्या पट्टीवर धूळ आणि गंज बसलाय. सेट महिनोन् महिने बंद होता, वर रंगकामाची धूळ. दुरुस्ती करणारा कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आत मारून बटण वीस-पंचवीस वेळा फिरवेल, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. तुम्ही स्वतः झाकण उघडू नका. आतले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही वीज धरून बसतात.

चिरचिर संध्याकाळीच येते, तेव्हा एकेक दिवा आणि पंखा बंद करून ऐका. पंख्याचे काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या वेगांवर विजेची लाट कापत असतात, त्याने अशी चिरचिर उठते. पंखा पूर्ण वेगावर नेल्यावर गेली तर तोच. स्वस्तातला एलईडी दिवा असेल तर बदलून पाहा. सेटचं सॉकेट दुसऱ्या लाइनवर घेतलं तरी फरक पडतो.

दुकानदारांचं बोलणं अगदीच टाकाऊ नाही, तेही सांगते. ॲम्प्लिफायर खरंच म्हातारा होतो. त्यातले कपॅसिटर आतून सुकत जातात, वीज गुळगुळीत करायचं त्यांचं काम ढिलं पडतं, आणि 100 हर्ट्झची घुरघुर येते. पण ती घुरघुर ओळखता येते. ती रेकॉर्ड, टीव्ही असं काही बघत नाही, निवडीचं बटण कुठेही असो, आवाज शून्यावर असो, ती तेवढीच येते. आवाजाच्या बटणाबरोबर जो आवाज वाढतो तो बटणाच्या आधीच्या टप्प्यातून किंवा बाहेरच्या वायरीतून आलेला. बटणाला न जुमानणारा आवाज नंतरच्या टप्प्यातून किंवा सेटच्या विजेच्या भागातून. घरी कोणालाही करता येणारी ही एक तपासणी निम्मे प्रश्न सोडवते. तुमचा घोंऽऽ रेकॉर्डवरच येतो, म्हणून मी कपॅसिटरवर संशय घेत नाही. उद्या घेतला तरी ते बदलून मिळतात. जुने रेडिओ आणि सेट जीव लावून दुरुस्त करणारे हात कोल्हापुरात अजून आहेत.

नवा ॲम्प्लिफायर घेतलात तर काय होईल? प्लेअरची तार लोंबतच राहील, टीव्हीची केबल तशीच राहील, आणि घोंऽऽ नव्या पेटीतून ऐकू येईल. शिवाय पुष्कळशा नव्या ॲम्प्लिफायरांना रेकॉर्ड प्लेअर थेट लावायची सोयच नसते, त्यासाठी रेकॉर्डचा बारीक सिग्नल आधी फुगवून देणारी वेगळी डबी, फोनो प्रीॲम्प, घ्यावी लागते. विकायचं म्हणाल तर तो तुमचा अधिकार आहे, आणि ऐकणारं कोणी नसलेला सेट धूळ खात ठेवण्यापेक्षा कोणाच्या तरी घरी वाजलेला बरा. पण आवाजाला कंटाळून विकू नका. आधी शांत करा, महिनाभर ऐका, मग ठरवा.

चिरंजीवांवर रागवू नका. आईला कीर्तन ऐकू यावं म्हणूनच त्याने ती वायर लावली. त्याच्या ब्लूटूथ स्पीकरला मी तर हो म्हणेन: तो टीव्हीला जोडू द्या, आणि टीव्हीची वायर ॲम्प्लिफायरमधून कायमची काढून टाका. टीव्हीत ब्लूटूथ नसेल आणि स्पीकरला ऑप्टिकल केबल घेता येत असेल तर तीही चालेल. तिच्यातून उजेड जातो, वीज जात नाही, म्हणून अर्थचा फेराच होत नाही. कीर्तन एका जागी, रेकॉर्डी एका जागी. अर्थ लूप मुळातून जाईल आणि पोराच्या भेटीचा मानही राहील.

असाच प्रश्न घेऊन बसलेल्या इतर वाचकांसाठी दोन शब्द. लॅपटॉपवरून गाणी ऐकता आणि मागे किरकिर येते, माउस हलवला की बदलते, असं असेल तर चार्जर काढून बॅटरीवर ऐका. शांत झालं तर चार्जर दोषी. सगळी यंत्रं एकाच सॉकेटवरून, एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर घेतली की अर्थचे फेरे पुष्कळसे मिटतात. तरीही वायर काढणं शक्य नसेल तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मधे घालता येते, मात्र ती टीव्ही-लॅपटॉपच्या वायरीवर, प्लेअरच्या वायरीवर नाही. स्पीकरला कान लावल्यावर येणारा बारीक सस्स आवाज मात्र प्रत्येक सेटमध्ये असतो. बसायच्या जागेवरून ऐकू येत नसेल तर त्याच्यामागे लागू नका.

ताई, काम सुरू करण्याआधी मागच्या बाजूचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, कुठली वायर कुठे होती ते राहील. इतर वायरींवरही चिकटपट्ट्या आहेत का बघा. ‘डा’ आणि ‘उ’ सापडले तर ते डावा आणि उजवा. ती अक्षरं पुसट झाली असतील तर तुमच्या अक्षरात नवी पट्टी त्यांच्या शेजारी लावा, जुनी काढू नका.

‘भू’ स्क्रूखाली बसला की ज्या एलपीच्या सुरुवातीला थोडा वेळ नुसता तंबोरा वाजतो, ती आधी लावा. कुठल्या बाजूला तसं आहे ते तुम्हाला माहीत असेल. आणि मागे काही उरलंय का, ते मला कळवा.